पोरीला दिलेलं रक्त

लेथवर काम करणाऱ्या त्या माणसाला कारखान्यात सगळे 'बाटली' म्हणत. दारूला तो शिवतही नसे. दर तीन-चार महिन्यांनी रक्त देऊन यायचा, म्हणून हे नाव. मेहुण्याला अपघात झाला तेव्हाही यानेच धावत जाऊन रक्त दिलं होतं.

पुढे बायकोचं ऑपरेशन ठरलं. रक्तपेढीने बदली रक्तदाता मागितला. याने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं, त्यामुळे त्याचं घेईनात. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, मला सुई बघूनच घेरी येते हो," मेहुणा म्हणाला.

ज्या बहिणीने अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्यासाठी हे उत्तर. याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी कारखान्यातली झाडूवाली मावशी रक्त देऊन गेली आणि ऑपरेशन नीट पार पडलं.

वर्षभराने मेहुण्याच्या मुलीला रक्त लागलं. हा हातातलं काम टाकून गेला आणि रक्त देऊन उठला. मेहुणा चहा घेऊन समोर आला. "दाजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"मी पोरीला रक्त दिलंय, तुला नाही," हा म्हणाला. "चहा तूच पी."

जिना उतरतानाही त्याच्या मुठी वळलेल्याच होत्या.