कोकरांच्या खुराकात जवस

फोन आला तेव्हा आमची कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात अडकून पडली होती. "तुझी ताई गेली रे," भाऊजी एवढंच म्हणाले... मी बसमधून उतरलो आणि गाड्यांच्या रांगांमधून नुसता चालत सुटलो. एवढ्या आजारपणानंतर हे होणारच होतं, असं सगळे समजावत होते. मला मात्र वाटतं, ताई अर्धी संपली ती फार आधी, वाघोलीच्या शेडमध्ये.

सुजाताताई माझी मोठी बहीण, जनावरांची डॉक्टर. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा मटणातले चरबीचे तुकडे वेचून खायचे, आणि हृदयविकारानं पन्नाशीच्या आतच गेले. पुढे पुण्यात पशुखाद्याच्या एका कंपनीत, तिच्या वाघोलीच्या शेडवर लागल्यावर ताईनं ध्यासच घेतला. कोकरांच्या खुराकात जवसाचं तेल मिसळायचं, म्हणजे त्यांच्या अंगावरची चरबी मऊ होईल, ताटात निवल्यावरही घट्ट गोठणार नाही, खाणाऱ्याच्या काळजाला कमी जाचेल. "आईची जवसाची चटणी चारते त्यांना, दुसरं काय!" असं हसून सांगायची. पहिल्या तुकडीचं मटण तपासून आलं, चरबी खरोखरच बदलली होती. त्या संध्याकाळी ती मंडईतून अंजिरं घेऊन आली आणि आम्हाला एकेक भरवत सुटली.

कंपनीच्या साहेबांना मात्र चरबीशी देणंघेणं नव्हतं, त्यांना वजन लवकर वाढायला हवं होतं. "तेल दुप्पट करा," ते म्हणाले. "अहो, जास्त तेलानं त्यांचं पचन बिघडतं, चारा सोडतील ती," ताईनं सांगून पाहिलं. "मॅडम, आपल्याला कोकरं कापायची आहेत. लग्न नाही लावायचं त्यांचं."

आईच्या ऑपरेशनसाठी ताई गावी गेली आणि मागे साहेबांनी तेल दुप्पट करायला लावलं. ती परतली तेव्हा कोकरं कडब्याला तोंड लावत नव्हती. हगवणीनं मागचे पाय माखलेले, डोळे आत गेलेले. तेल बंद केलं, औषधं दिली, पण एकेक करत ती आडवी होत गेली. शेवटी चौकशीत साहेबांनी विचारलं, "खुराक तुमचाच होता ना, मॅडम?"  ताईनं नोकरी सोडली. शेडच्या जागी पुढे टॉवर उभे राहिले.

नंतर ती कॉलेजात शिकवायची. पुन्हा सुरू कर कुठेतरी, असं मी एकदा म्हटलं. "माझ्या हातून खायची सवय होती रे त्यांना," ती म्हणाली, "म्हणून तर मी नसतानाही माझाच खुराक समजून विश्वासानं खात राहिली..."

गेल्या रविवारी, सुतक फिटल्यावर पहिल्यांदाच, भाऊजींनी मटण केलं. ताई असताना जेवण झालं तरी ताटं उचलू द्यायची नाही. रस्सा निवला की कडेच्या तवंगावर बोट टेकवून बघायची, गोठलाय का. त्या दिवशी आम्ही दोघं तसेच हात वाळवत बसून राहिलो. ताटाच्या कडेला चरबी पांढरी, घट्ट धरली होती. भाऊजींनी तिच्यावर बोट टेकवलं, आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.