नॉर्बर्टचं उघडं दार

नॉर्बर्ट झेलिन्स्कीने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि खिशात वाजणारा फोन काढला. कोणाचा आहे ते बघायची गरज नव्हती.

"बाबा, गॅरेजचं दार उघडं आहे."

"मी बंद केलंय."

"माझ्या फोनवर उघडं दिसतंय. तुम्ही निघाल्यापासून उघडंच आहे."

"रेने, मी बटण दाबलं. दार खाली यायला लागलेलं या डोळ्यांनी बघितलं."

"बरं, राहू दे. मी इथून बंद करते." तिने फोनवर बोट लावलं असावं. मग, "झालं बघा. पहिल्या फटक्यात झालं."

हे शेवटचं वाक्य त्याला झोंबलं. त्याने फोन टेबलावर आपटला.

"तुझं दार तुझ्यापेक्षा तुझ्या पोरीचं जास्त ऐकतं," समोरून काझ म्हणाला. "टाक पत्ता."

काझ हा त्याचा थोरला भाऊ. साखरेच्या आजाराने एक पाय गेलेला. टोलेडो शहरात नदीच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो एकटा राहतो. नॉर्बर्ट रोज सहाच्या सुमारास घरून निघतो, दोघांचं जेवण घेऊन जातो, पत्त्यांचे दोन-तीन डाव होतात, भांडण होतं, मग तो परत येतो. संध्याकाळी त्या बाजूला बस जात नाही. गाडी आहे म्हणून हे चाललंय. गाडी गेली तर काझ दिवसभर भिंतीशी बोलणार.

ऑक्टोबर लागल्यापासून हे फोन सुरू झाले होते. शुक्रवारी आला. रविवारी आला. मंगळवारी पाऊस कोसळत होता, नॉर्बर्ट काझच्या दारात कोट झटकत होता, तेवढ्यात आला. नंतर तर लागोपाठ आले. दर वेळी तेच. दार उघडं, सगळं घर उघडं, कारण गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायच्या दाराला या गल्लीत कोणीच कुलूप लावत नाही. आणि दर वेळी रेने तिच्या घरून बोट लावणार आणि दार मुकाट खाली येणार.

जुनं यंत्र असं नव्हतं. ते त्याने स्वतः बसवलं होतं, रेने शाळेत जायला लागली त्या वर्षी. चेनवर चालायचं, शेजारी जागे व्हावेत इतका आवाज करायचं. पण एकदा बटण दाबलं की दार खाली. तो गाडी दाराबाहेर जेमतेम काढायचा, गाडीतलं बटण दाबायचा, दार हललं की मागे बघत रस्त्यावर यायचा आणि निघायचा. थांबून बघत बसायची गरज कधी पडली नाही.

त्या यंत्राची निगाही त्याने राखली होती. काचेच्या कारखान्यात साचे दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. काम अर्धवट केलेलं त्याला खपत नसे. दर हिवाळ्याआधी तो लाल दोरी ओढून मोटार सोडवायचा, दार हाताने अर्ध्यावर उचलायचा आणि सोडून द्यायचा. तिथल्या तिथे थांबलं तर स्प्रिंग ठीक. खाली घसरलं तर स्प्रिंग थकली. लोक यातलं काही करत नाहीत. जड दार मोटारीकडून ओढून घेतात आणि मोटार जळली की मोटारीला शिव्या घालतात.

त्याच्या मोटारीचं एकच दुखणं होतं. आत प्लॅस्टिकचं एक दातेरी चाक असतं, ते झिजतं. खाली पांढरा भुगा सांडायला लागला की समजायचं. ते चाक त्याने वेळोवेळी बदललं. या उन्हाळ्यात पुन्हा भुगा सांडला, आणि दुकानदार म्हणाला की तो भाग आता कोणी बनवत नाही.

रेने वाटच बघत असावी. तिने नवं यंत्र निवडलं, माणूस ठरवला. ऑगस्टमध्ये डस्टिन नावाचा एक गडी आला आणि दुपारभरात बसवून मोकळा झाला. चेनऐवजी पट्टा. आवाज नाही. फोनशी बोलतं. दाराच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या उंचीवर, त्याने दोन छोटे डोळे बसवले.

"एक डोळा किरण सोडतो, दुसरा तो बघतो," डस्टिन म्हणाला. "बघणाऱ्याला किरण दिसला नाही की दार परत वर. मूल असो, मांजर असो, कोणी चिरडत नाही."

"इतकी वर्षं माझ्या दाराखाली कोणी चिरडलं नाही."

"नशीब म्हणायचं, आजोबा."

"आजोबा म्हणू नकोस. स्क्रू नीट आवळ."

दीड महिना सगळं ठीक चाललं. आणि मग हे फोन.

नॉर्बर्टने काय नाही केलं! डोळे पुसले. वायरी तपासल्या. जाळी काढली. संध्याकाळी गाडी दाराबाहेर काढून, आत बसून, बटण दाबून बघितलं. दार खाली आलं आणि टेकलं. उघडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा टेकलं. गाडीत बसून तो त्या बंद दाराकडे बघत राहिला. त्याचं डोकं फिरायची वेळ आली.

त्याने डस्टिनला बोलावलं आणि संध्याकाळीच ये म्हणून बजावलं. डस्टिन आला, शिडी उतरवायला बरी म्हणून त्याने व्हॅन पार दाराला चिकटवली, आणि दार कितीतरी वेळा वर-खाली केलं. एकदाही चुकलं नाही.

"यंत्र एकदम ठणठणीत आहे, आजोबा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझी आजीसुद्धा आता गॅस बंद केला की नाही ते विसरते."

नॉर्बर्टने त्याला शिडीसकट बाहेर काढलं.

पण डस्टिनने जाताना रेनेला फोन केला असणार. दुसऱ्याच दिवशी दाताच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती आली. तीही गाडी नेहमी दाराला नाक लावूनच उभी करते. तिच्यासमोर त्याने दार बंद केलं. झालं बंद.

"म्हणजे दाबलं की होतं," ती म्हणाली.

"मी रोज दाबतो!"

"बाबा, ओरडू नका. तुम्हाला वाटतं तुम्ही दाबलंत. रोजची सवय असली की असंच होतं." ती खुर्चीवर टेकली. "माझ्या सासूबाईंनी गाडी केकच्या दुकानात घातली, आठवतंय? आदल्या महिन्यात त्या फक्त चष्मा विसरत होत्या. आज दार, उद्या लाल सिग्नल. आता पुन्हा एकदा जरी उघडं राहिलं, तर मी गाडीची किल्ली घेऊन जाणार."

"आणि काझ?"

"काझकाकांना भेटायला आठवड्यातून एकदा मी नेईन तुम्हाला."

"आठवड्यातून एकदा!"

"आणि मी एकटी म्हणत नाहीये. समोरच्या लॉरेटाबाईंनाही विचारलं मी. त्याही म्हणाल्या, दार उघडंच असतं."

लॉरेटा समोर राहते. तीस वर्षं शाळेची बस चालवली, नवरा गेला, आता संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजचं दार उघडं टाकून घडीच्या खुर्चीत बसते, बीअरचा एक कॅन घेऊन. नॉर्बर्ट निघाला की ती हात वर करते, तोही करतो. यापलीकडे एकमेकांच्या भानगडीत पडायचं नाही, ही गल्लीची रीत. आणि ती चुगली करते?

त्यानंतरचा आठवडा सगळा ढगाळ गेला. दार रोज बंद राहिलं. गुरुवारी रेनेचा फोन आला.

"बघा, लक्ष दिलं की जमतं ना? शाब्बास बाबा."

शाब्बास! कारखान्यात त्याच्या साच्यांवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता दार लावल्याबद्दल शाब्बास.

शुक्रवारी स्वच्छ ऊन पडलं. काझने पत्ते पिसले आणि फोन वाजला.

"बाबा," रेने म्हणाली. ती रडवेली झाली होती. "मी उद्या संध्याकाळी येते. किल्ली काढून ठेवा."

शनिवारी सहाला नॉर्बर्ट निघाला नाही. गॅरेजपुढच्या उतारावर नुसता उभा राहिला. समोरून लॉरेटाने हात वर केला. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत प्रथमच तो रस्ता ओलांडून तिच्या गॅरेजमध्ये शिरला.

"माझ्या पोरीला काय सांगितलंत तुम्ही?"

"बसा आधी."

"बसायला आलो नाही! दार उघडं असतं म्हणून सांगितलंत ना?"

"असतं, म्हणून सांगितलं. खोटं बोलू?" लॉरेटाने कॅन खाली ठेवला. "जे दिसलं ते बोलले. तुम्ही जाता, दार खाली येतं, मग परत वर जातं आणि तसंच राहतं."

नॉर्बर्टच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"काय म्हणालात?"

"खाली येतं, परत वर जातं. रोज नाही, पण बऱ्याचदा."

"मग हे रेनेला का नाही सांगितलंत?"

"ती फोनवरून दार उघडते, असं तिनेच मला कौतुकाने सांगितलं होतं. मला वाटलं, तीच उघडत असेल. तुमच्या घरातल्या गोष्टी! तिने विचारलं, दार उघडं असतं का? मी म्हटलं, असतं. वर कोण नेतं हे कुठे विचारलं तिने?"

नॉर्बर्टने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"माझी गाडी बाहेर काढा. मी इथे बसून बघतो. मी जसा जातो, अगदी तसं. जेमतेम दाराबाहेर, बटण दाबायचं आणि निघायचं. आणि जपून, उजवीकडे कचऱ्याचा डबा आहे."

"तीस वर्षं साठ पोरं मागे घेऊन रिव्हर्स केलंय मी. तुम्ही तोंड बंद ठेवा आणि डोळे उघडे."

तिने गाडी सुतासारखी सरळ मागे घेतली. दाराबाहेर थांबली. दार खाली यायला लागलं. ती रस्त्याकडे सरकली. तेव्हा नॉर्बर्टला दिसलं. गल्लीच्या पश्चिमेच्या टोकाकडून तिरकं ऊन येत होतं, आणि गाडी उभी होती तोवर तिची सावली पूर्वेकडच्या चौकटीवर होती. गाडी मागे आली, सावली तिच्याबरोबर आली, आणि त्या चौकटीवरच्या बघणाऱ्या डोळ्यात सूर्य थेट घुसला. त्या आंधळ्याला किरण दिसेना. दार अर्ध्यावर थबकलं आणि वर गेलं.

म्हणजे तो गाडीत बसून बघायचा तेव्हा त्याचीच गाडी आड येत होती. डस्टिनची व्हॅनही. रेनेची गाडीसुद्धा. बघायला येणारा प्रत्येक जण सावली घेऊनच येत होता.

"मूर्ख!" तो मोठ्याने म्हणाला. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात रेनेची गाडी वळली, उतारावर चढली आणि दाराला नाक लावून उभी राहिली.

"तिथे नको!" नॉर्बर्ट धावत सुटला. गुडघे कुरकुरले. "काढ ती! रस्त्यावर लाव!"

"बाबा, काय झालंय? तुमच्या गाडीत लॉरेटाबाई काय करतायत?"

"आधी गाडी काढ. ऊन चाललंय!"

रेने घाबरली. तिला वाटलं, प्रकरण आपण समजत होतो त्याच्या पुढे गेलं. लॉरेटाने काच खाली केली आणि बसमधल्या पोरांना दटावायच्या आवाजात म्हणाली, "पोरी, बाप सांगतोय ते कर. मग काय रडायचं ते रड."

सूर्य कोपऱ्यावरच्या घराच्या धुराड्याला टेकत आला होता. रेनेने गाडी रस्त्यावर घेतली. लॉरेटाने नॉर्बर्टची गाडी पुन्हा दाराशी नेली, बटण दाबलं, मागे आली. दार खाली आलं. थबकलं. वर गेलं.

रेने तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"पुन्हा करा," ती म्हणाली. पण तोवर सूर्य धुराड्याआड गेला, आणि या वेळी दार शहाण्यासारखं बंद झालं. ती घरून बोट लावायची तोवर सूर्य रोज असाच आड गेलेला असायचा. एकदा पाहिलं ते तिला पुरेसं होतं. ती बापाच्या गळ्यात पडली. किल्लीचं नाव कोणी काढलं नाही. लॉरेटाने तिघांसाठी तीन कॅन उघडले.

रविवारी सकाळी नॉर्बर्टने दोन्ही डोळ्यांच्या जागा बदलल्या. बघणारा डोळा आता पश्चिमेच्या चौकटीवर आला, सूर्याकडे पाठ करून. एवढंच काम. घोट्याच्या उंचीवर, गार फरशीवर गुडघे टेकून करायचं, पण एवढंच. डस्टिनने ऑगस्टमध्येच सूर्य कुठून येतो ते बघितलं असतं तर हे काही झालं नसतं. स्क्रू त्याने स्वतः आवळले.

ऊन होतं तरी त्या संध्याकाळी फोन वाजला नाही.

"आज तुझी पोरगी गप्प कशी?" काझने विचारलं.

"दोष यंत्राचा निघाला. दर वेळी सूर्यच होता."

"म्हणजे तुझं डोकं शाबूत आहे?"

"तुझ्यापेक्षा तरी."

काझ हसला. नॉर्बर्टने पत्ते उचलले आणि तसाच बसून राहिला. दाराशी खुंटीवर त्याचा कोट लटकत होता.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी पाऊस कोसळत होता, आणि तरीही फोन आला होता. त्या दिवशी सूर्य नव्हता. लॉरेटाने पावसामुळे आपलं दार लावून घेतलं होतं, तिने काही पाहिलं नव्हतं. रेनेला तो दिवस आठवलाही नाही. नॉर्बर्टने आठवून बघितलं. गाडी काढली, वायपर लावले. बटण? बोट आठवेना. दार हललेलं आठवेना.

"टाक पत्ता," काझ म्हणाला.

त्याने टाकला, आणि चुकीचा टाकला.

आता तो गाडी रस्त्यावर आणतो, कडेला लावतो आणि इंजिन चालू ठेवून मागे बघत बसतो. दार पूर्ण खाली येतं, जमिनीला टेकतं, मोटारीवरचा दिवा आत विझतो. तरी तो थोडा वेळ थांबतो. मागून कोणी हॉर्न वाजवला तर त्याच्या नावाने बोटं मोडतो, पण हलत नाही. समोरच्या खुर्चीतून लॉरेटा हात वर करते आणि ओरडते, "झालं हो बंद! जा आता!"

तो हात वर करतो. मग आणखी एकदा वळून बघतो आणि निघतो.