हिरडीला टाचे

धाडच्या पुंजाजी गवंड्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा सरळही आहेत. जुन्या भिंतीवर नवा गिलावा चढवायचा असला की आधी ते ती टाचून काढत. भिंतभर टाकीचे घाव. चांगली गुळगुळीत भिंत खराब करायला आपणच माणूस बोलावला, म्हणून घरमालक हळहळे. पुंजाजी म्हणत, "गुयगुयीत जागी काई धरत नाई, पाटील. खरबडीत करू द्या, मंग पाहा."

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा पुंजाजींचे दात संपले. मलकापुरात नवीनच बसू लागलेल्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना कवळी करून दिली. पुंजाजींचं निम्मं काम ओरडण्यानं चाले, आणि त्या भरात वरची कवळी चुन्याच्या घमेल्यात पडली. मजूर तेव्हा हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत थांबले.

पुंजाजींनी कवळी उलटी करून पाहिली. टाळूला लागणारी बाजू आरशासारखी. दोष सापडला. त्यांनी कानस घेतली आणि ती बाजू भिंतीसारखी टाचून काढली. काही दिवस तोंडात आग झाली आणि मग कवळी जी बसली ती हलेचना. सुजलेल्या हिरडीत काहीही घट्ट बसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आग का होते, याचंही उत्तर त्यांच्यापाशी होतं : नवा गिलावा पाणी मागतो. ते दिवसभर चुळा भरत आणि त्याला तराई म्हणत.

इथवरचं नुकसान घरातलं होतं.

त्यांची लेक कोकिळा देऊळघाटला दिली होती. तिची सासू सुभद्राबाई नवरा गेल्यापासून शेत आणि घर एकटीनं चालवी. तिनंही मलकापूरच्या त्याच डॉक्टरांकडून कवळी करून घेतली होती. पुंजाजींना तिचा धाक होता. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत त्यांना सोयीचीच वाटे. लवकर उठता येई. अशाच एका खेपेला ते ओसरीवर बसले असताना सुभद्राबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "इवाई, तुमचे दात पडत नाईत का हो? माये तं बोलता बोलता हातात येतेत."

लेकीच्या सासूनं आपल्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पुंजाजींचा ऊर भरून आला.

"इहीणबाई, द्या मायाजवळ. असे बसवून देतो की आरडलं तरी हलनार नाई."

सुभद्राबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दात फडक्यात गुंडाळून सुनेच्या हातून पाठवले. दुसऱ्या खेपेला पुंजाजींनी ते परत आणले. आपल्या कवळीपेक्षा त्यांवर जास्त मेहनत घेतली होती. टाचे बारीक आणि दाट. "पह्यले पह्यले झोंबन," ते म्हणाले, "पन तराई सोडू नका."

कोकिळेला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी पुंजाजी त्या घरी पहिल्यांदा पाटावर बसले. ताटात पुरणाची पोळी होती, वांग्याची भाजी होती. शेजारच्या बायांत सुभद्राबाई बसली होती आणि वाटीतली कढी पीत होती. नुसती कढी. गाल बसले होते.

"उपास हाय का इहीणबाईले?" त्यांनी वाढणाऱ्या लेकीला हळूच विचारलं.

कोकिळा तूप वाढायला वाकली. "उपास कायचा, बाबा. तोंड सारं उलून गेलं त्यायचं. दात कवाचे डब्यात ठेवले. मले म्हने, तुया बापाले सांगशीन तं याद राख. त्यानं जीव लावून केलं."

हीच बाई कोकिळेला याच दातांवरून जन्मभर बोलू शकली असती. शेजारणींत नुसतं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. तिनं ते केलं नव्हतं. पुंजाजींना ते शिव्यांपेक्षा जड गेलं. भरल्या ताटावरून ते उठले. रीत इतकी वर्षं पाळून शेवटी ताट टाकणारा व्याही देऊळघाटानं पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी, सुभद्राबाई आणि तो डबा एस.टी.नं मलकापूरला गेले. पुंजाजी वाटभर उभे राहिले. गाडी निम्मी रिकामी होती.

डॉक्टरांनी आधी सुभद्राबाईचं तोंड पाहिलं, मग कवळी उलटी केली. बाकावर पेशंट बसलेले.

"हे कुणी केलं?"

"म्याच केलं," सुभद्राबाई म्हणाली. "कानशीनं घासले."

"बाई, हे दात आहेत, जातं नव्हे! हिरडी म्हणजे मऊ कातडं. खरबरीत लागलं की ते सोलतं, धरत नाही. एवढी अक्कल नाही?" बाकावरचे हसले. उभ्या गावाला धाकात ठेवणारी बाई मान खाली घालून ऐकत होती.

पुंजाजी दाराशी उभे होते. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. दोष सुभद्राबाईनं घेतलाच होता. ते गप्प राहिलेही, डॉक्टरांचं बोलून होईपर्यंत. मग पुढे आले, स्वतःची कवळी काढली आणि टेबलावर उलटी ठेवली. दोन्हीकडे सारखेच टाचे.

"त्यायनं नाई," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "म्या केलं."

आता बाकावरचे फारच हसले. डॉक्टरांनी त्यांचंही तोंड उघडून पाहिलं आणि हात धुतले.

पुढे कितीतरी वर्षांनी दातांचे डॉक्टर जबड्याच्या हाडात धातूचे खिळे बसवू लागले आणि ते मुद्दाम खरबरीत करू लागले, कारण हाड त्या खाचांत वाढतं आणि खिळा धरून ठेवतं. म्हणजे पुंजाजींचं अगदीच चुकलं नव्हतं. हाडाचा न्याय त्यांनी हिरडीला लावला, आणि स्वतःच्या तोंडावर थांबले नाहीत. पण ही बातमी धाडला पोचेपर्यंत पुंजाजी नव्हते. असते तरी त्यांना ती उपयोगी पडली नसती.

डॉक्टरांनी हिरड्या भरून आल्यावर नव्या कवळ्या केल्या. त्यानंतर सुभद्राबाईचा निरोप आला, जेवायला या. ताटात ज्वारीची भाकर, ठेचा आणि फोडलेला कांदा होता. ती समोर बसली आणि मोठा आवाज करत कांदा चावू लागली. पुंजाजींनी मान खाली घालून भाकर मोडली.

"वर पाहा की, इवाई," ती म्हणाली. "दात पडून नाई राह्यले."

"हाव," पुंजाजी म्हणाले, आणि ताट संपेपर्यंत ताटाकडेच पाहत राहिले.