गुनिल्लाचं डावं मनगट

“आता तुला जमणार नाही,” असं कुणी म्हटलं की गुनिल्लाचं डोकं फिरायचं. त्या हिवाळ्यात ते तिला खुद्द डॉक्टरनं ऐकवलं. “एक तर टपालाची गाडी सोड, नाहीतर हाताची आशा सोड.” बाई तणतणत बाहेर आली आणि गाडीत बसून ढसाढसा रडली.

स्वीडनच्या उत्तरेतल्या त्या डोंगरवस्त्यांवर ती लग्नाआधीपासून टपाल वाटत होती, तेही स्वतःच्या गाडीतून. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं; पण टपालवाल्यांच्या गाडीचं मात्र उजवीकडे, म्हणजे बसल्या जागेवरून खिडकीबाहेर हात काढला की रस्त्याकडेच्या पेटीत पत्र पडतं. उजवा हात असा पत्रांत गुंतलेला, त्यामुळे गाडी सगळी एकट्या डाव्या हाताच्या जिवावर. आणि गाडी तरी कसली! दांडगं इंजिन, आणि सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर. पेटीपाशी थांबलं की उजवी चाकं बर्फात, डावी डांबरावर. निघताना एक चाक गरगरायचं, दुसरं पकड घ्यायचं, आणि स्टिअरिंग हाताला असा हिसका द्यायचं की कळ पार खांद्यापर्यंत जायची. दर पेटीला एक हिसका. लोखंडाचं मनगट असतं तरी वाकलं असतं. आता तर त्या हातानं साधा कप उचलायचा तरी कळ यायची.

“चारही चाकांना जोर असलेली गाडी घे,” गॅरेजवाला स्टूरे कधीचा तिच्या मागे लागला होता. “अगं, तुझी पुढची चाकं बिचारी ओढतातही तीच आणि वळतातही तीच. मागची नुसती फुकट फिरतात. ओझं चौघांत वाटलं की स्टिअरिंग कशाला हिसके देईल?”

“ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी असतात त्या.”

“बरं बाई, तुला येते. मनगटाला येते का, ते विच.. विचार त्याला!” स्टूरे हसता हसता अडखळला.

शेवटी आठवडाभर चालवून बघायला त्यानं चारही चाकांना जोर असलेली, उजव्या स्टिअरिंगची एक जुनी जपानी गाडी तिच्या दारात आणून उभी केली. जमलं तर नोकरी राहील, नाहीतर वसंतात राजीनामा, असं गुनिल्लानं त्याला सांगून टाकलं.

पहिल्या पेटीपाशी तिनं दात आवळून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काहीच झालं नाही! गाडी सुतासारखी सरळ निघाली. दुसऱ्या पेटीला तेच, तिसऱ्यालाही तेच. मनगट गप्प. बाई इतकी खूश झाली की चक्क गाऊ लागली. गळा तिचा बेताचाच, पण ऐकायला होतं कोण?

आणि तिथंच ती फसली. इतकी वर्षं रस्त्याची खबर तिला त्या हिसक्यांतूनच मिळायची. स्टिअरिंग चुळबुळलं की समजावं, खाली बर्फाचा निसरडा थर आहे, हळू घ्या. आज स्टिअरिंग शांत, म्हणून तिला वाटलं रस्ताही चांगला. तळ्याकडे उतरणाऱ्या वळणावर ती भरधाव आली, ब्रेक दाबला, आणि गाडी वळायचं नाव न घेता सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली.

लागलं काही नाही. पण ती तशीच बसून राहिली. संपलं, तिला वाटलं. डॉक्टर म्हणत होता तेच खरं.

वळणावरच्या घरातला म्हातारा हेल्गे ट्रॅक्टर घेऊन आला. “काय गं, पेटी दिसेना म्हणून घरात पोचवायला निघालीस?”

“हेल्गे, थट्टा नको. मला रस्ताच कळला नाही. हाताला काही जाणवलंच नाही.”

हेल्गेनं दोर बांधला. “चार चाकं तुला निघायला मदत करतात. थांबायला ब्रेक तर आधीच्या गाडीलाही चारही चाकांवरच होता. बर्फावर थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच नालायक. हात सांगत नसेल तर पायाला विचार. दर पेटीला थांबतेसच ना?”

गुनिल्लाला पटलं. खरंच की! दर पेटीला ब्रेक. तिच्याइतकी रस्त्याची परीक्षा त्या डोंगरात दुसरं कोण घेत होतं?

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक पेटीच्या जरा आधीच पाय टेकवून बघू लागली. चाकं करकरली तर ठीक, घसरली तर पुढचं वळण गोगलगायीच्या चालीनं. दोनदा चुकली, स्वतःलाच शिव्या घातल्या, पण रस्ता सोडला नाही. मग पाय सरावला.

आठवड्याच्या शेवटी हेल्गेनं तिला कॉफीला आत बोलावलं. कॉफी पिता पिता तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

“काय बघतोस?”

“कप डाव्या हातात धरलायस.”

तिनं हाताकडे पाहिलं. खरंच. कधी उचलला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. “राहतेय मी, हेल्गे,” ती म्हणाली. “राजीनामा वगैरे काही नाही.”

हेल्गे उठला आणि टेलिफोनकडे गेला.

“आत्ता कुणाला फोन?”

“पेपरवाल्यांना. तू जाणार असं ऐकलं म्हणून टपालानं येणारा पेपर बंद केला होता. आणायला तू नाहीस तर वाचायचाय कुणाला?”