वयाचंच असेल

विल्मा पेनर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहान गावात शाळेची बस चालवायची. अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. बर्फ कितीही पडो, तिची बस येणार हे गावानं धरूनच ठेवलेलं. स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणं मात्र तिला कधी जमलं नाही.

सत्तेचाळिशीत तिची पाळी बिघडली. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी आली की थांबायचं नाव नाही. बसच्या सीटवर ती काळा टॉवेल अंथरू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, कंबर दुखते.

एका रविवारी थोरली बहीण हेल्गा चर्चमधून जेवायला आली. भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, "चेहरा का असा पांढरा पडलाय तुझा?"

विल्मानं सांगितलं.

"अगं, वयाचंच असेल. आईचंही असंच झालं होतं, मग आपोआप थांबलं."

"आईनं कुणाला दाखवलं होतं?"

"आई? दाढ दुखली तरी घराबाहेर पडायची नाही ती."

दोघी हसल्या. पण आईच्या पोटात नेमकं काय चाललं होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं, हे विल्माच्या मनातून जाईना. त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली.

डॉक्टर अडेयेमींनी आधी गर्भ नाही ना, ते तपासलं. "या वयात?" विल्मा म्हणाली, "नवरा तर सातलाच घोरतो." तपासणीत अंगात रक्त कमी असल्याचं निघालं.

"बहुतेक पाळी जायची वेळ आलीय," डॉक्टर म्हणाल्या. "पण पंचेचाळिशी उलटल्यावर असा रक्तस्राव होत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासलेला बरा."

"थोडं थांबले तर?"

"निर्णय तुमचा. मला विचाराल तर थांबू नका. काही असलंच तर लवकर कळलेलं चांगलं. तपासताना कळ येईल, हे आधीच सांगते."

घरी नवरा आर्नो बटाटे सोलत होता. सगळं ऐकून त्यानं सुरी खाली ठेवली.

"त्या दिवशी गाडी मी चालवतो."

"माझी बस?"

"तुला नेईन म्हणतोय. बसला हात लावू देशील होय तू?"

विल्मानं ठरवून टाकलं.

नमुना घेताना कळ चांगलीच जोरात आली. ओठ चावत तिनं ती सोसली. अहवालात अस्तर जाड झाल्याचं निघालं. कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढं होण्याचा धोका होता. डॉक्टरांनी गर्भाशयात तांबीसारखंच, पण हळूहळू औषध सोडून अस्तर पातळ करणारं साधन बसवलं. सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेतला, तो स्वच्छ निघाला.

हे सांगायला तिनं हेल्गाला फोन केला. सगळं ऐकून हेल्गानं आवाज खाली आणला.

"विल्मा, माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली. आणि गेल्या महिन्यात डाग दिसला."

"आणि तू गप्प बसलीस?"

"लाज वाटली गं."

"सकाळी दवाखान्याला फोन कर. नाहीतर पोरांसकट बस तुझ्या दारात आणून उभी करेन."

हेल्गानं फोन केला. तिच्या गर्भाशयात छोटा मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, निघाला, साधाच, तो काढला. परतताना दोघी वाटेत एका बेकरीत सफरचंदाचा गोड ‘ॲपल पाय’ खायला थांबल्या, आणि हेल्गानं दोन तुकडे संपवले.