सावद्याच्या साडूंचं ग्रहण

आकाशात ग्रहण वर्षातून दोन-चारदा लागतं. आमच्या सावद्याच्या साडूंकडे ते दोन्ही वेळच्या जेवणाला लागतं. माणूस केळीबागायतदार, पण केळं चंद्र म्हणून चालत नाही, ही त्यांची मोठी पंचाईत. म्हणून मी जळगावहून निघालो की फोन येतो, "येतानी मोसंब्या आन. अन् लिंबं." मोसंबी पृथ्वी, लिंबू चंद्र, स्वयंपाकघरातला बल्ब सूर्य. आणलेल्या मोसंब्यांपैकी एक फोड माझ्या तोंडात पडेल तर शपथ! पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हा हे भर मांडवात ओरडले, "हे पाय, नवरी सूर्य, नवरदेव पृथ्वी, मधात पडदा आला! अमावस्येचं सूर्यगरहन असंच!" भटजी मंगलाष्टक विसरले. एकदा मी चुकून विचारलं, की मग दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का नाही? झालं! "चंद्राची वाट जराशी तिरपी ना रे! बहुतेक पुनवेले तो आपल्या सावलीच्या वरून नाई तं खालून निसटते," असं म्हणत त्यांनी माझं भरलं ताट तिरपं केलं. शेवभाजीचा लाल रस्सा माझ्या पांढऱ्या पँटीवर. डाग अजून आहे. देवा, या माणसाला आवरा कोणीतरी!

गेल्या होळीच्या सुमारास चंद्र उगवला तोच ग्रहणात, आणि नेमका मी तिथे. त्यांच्या सुनेला सातवा महिना. ती काकडी चिरायला बसली, तशी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, तिच्या हातून विळी काढून घेतली. साडू खवळले. "अवो, पृथ्वी मधात येते, तिची सावली चंद्रावर पडते. सावलीनं पोटातल्या पोराले काय व्हते?"

"काईच नाई व्हत," अक्का म्हणाल्या. "मले समजते."

"मंग चिरू दे ना तिले!"

"आपल्या पोराचा ओठ फाटेल निंघाला, तवा बठ्ठं गाव मलेच बोललं. गरहनात विळी धरली म्हने मी. उद्या हिच्या पोराले काई झालं तं हिले बोलतीन. लोकाइच्या तोंडाले तुमची मोसंबी पुरते का?"

त्या पोराचा ओठ कधीच शिवून झाला. आता तो मिशा ठेवतो, पुण्यात नोकरी करतो. आमच्यापैकी कोणी तो विषय काढत नाही.

साडूंनी अक्कांच्या हातातली विळी घेतली, खाली बसले आणि स्वतःच काकडी चिरू लागले. जाडजूड, वेड्यावाकड्या फोडी. मान वर न करता हळूच म्हणाले, "तुही काई चूक नव्हती वं."

"मले मालूम हाये," अक्का म्हणाल्या. "इतके वर्सं मोसंब्या-लिंबं मांडून तुमी दुसरं सांगता तरी काय?"