मथुराअक्कानं मोळी बांधू दिली न्हाय

आमची थोरली भन मथुराबाई. आमी अक्का म्हणायचो. पोळ्याच्या आदल्या दिशी गेली.

अक्काला चहात गूळच लागायचा. साखर घातली की म्हणायची, "आपुनच ऊस तोडायचा अन् आपुनच ही पांढरी माती प्यायची व्हय?" कळंबच्या बाजारात म्या तिचा पदर धरूनच हिंडायचे, मला पोरं झाल्यावरसुदीक.

ऊसतोडीला आमी संगंच जायचो. गडी ऊस तोडतेत. बायका त्याची मोळी बांधतेत अन् डोक्यावर घिऊन ट्रॉलीत चढवतेत. एका साली ढोकीच्या शिवारात आमच्या टोळीतली शिवकन्या उसाच्या फडातच बाळंत झाली. पोरगी रडली, पन शिवकन्याचं रगत थांबंना. अक्का बलभीम मुकादमाकडं गेली.

"मुकादम, मागची ट्रॉली रिकामी हाय. बाईला धाराशिवला दवाखान्यात न्या."

"आधी ऊस भरू दे मथुरे. कारखान्यावर रांगंतला नंबर जाईल."

"अन् बाई गेली तर?"

"बाया बाळंत होतच असतेत."

"तुमची माय बाळंत झालती तवा तिच्या डोस्क्यावर मोळी दिलती का?"

मुकादम लाल झाला. गडी खाली मान घालून तोडायलेच, माझा नवराबी. अक्का आमच्याकडं वळली. "पोरींनो, एकबी मोळी बांधू नगा. सुटा ऊस कोन चढवतंय बघू."

आमी खाली बसलो. लई भ्या वाटत होतं. नवरा माझ्यावर डोळं वटारायला. अक्का म्हणली, "पाव्हणं, डोळं काय दावता, बांधा की तुमीच." त्यानं बांधली, उचलली, अन् समदा ऊस सुटून त्याच्याच पायावर. तसल्या टायमालाबी आमाला हसू आलं. पडल्या पडल्या शिवकन्याबी हसली.

उसाचे ढीग तसेच पडले. शेवटी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनंच भरायची ट्रॉली सोडली, रिकामी जोडली. आमी तिच्यात उसाचं वाढं, म्हंजी शेंड्याचा पाला, अंथरलं, वर गोधडी. अक्का शिवकन्याचं डोस्कं मांडीवर घिऊन बसली. शिवकन्या वाचली.

फुडच्या सालापून अक्काला कुनीच मुकादम टोळीत घेईना. ती गावातच खुरपायला जायची. तिच्याबिगर फडात करमायचं न्हाय. पन आमी निघालो की गाडीपाशी यायची, समद्यांदेखत मुकादमाला इचारायची, "गाडी आधी बाईला का उसाला?" त्यो "बाईला" म्हणेस्तवर आमाला चढू द्यायची न्हाय. लोक हसायचे. ती न्हाय हसायची. गाडी दिसंनाशी होईस्तवर थितंच हुबी ऱ्हायची.

यंदा दसरा झाल्यावर निघालो. गाडी आली, सामान चढलं, बाया खालीच. कुनी कुनाकडं बघंना. मुकादम आता बलभीमचाच पोरगा. म्हणला, "चढा की, कुनाची वाट बघायल्या?"

म्याच फुडं झाले. अक्कावानी समद्यांदेखत इचारलं. "गाडी आधी बाईला का उसाला?"

"मावशे, अक्का गेली की आता."

"म्या हाय. सांग."

त्यानं इकडं तिकडं बघितलं अन् म्हणला, "बाईला."

मग चढलो. गाडी हालल्यावर म्या मागं वळून बघितलं. सवयच हाय ना.